नवे इंजिन, नव्या तारा : 'एलिस'चा दुसरा जन्म

एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर ही ब्रिटिश मोटार कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज येथील तिच्या कारखान्यातील उत्पादन थांबले. या घटनेची झळ केवळ रोव्हरच्या ग्राहकांनाच बसली असे नाही. रोव्हरचे 'के-सीरिज' इंजिन इतर अनेक कंपन्या आपल्या मोटारींत वापरत असत. लोटस कंपनीची 'एलिस' ही छोटी स्पोर्ट्स कार त्यांतली सर्वांत नावाजलेली. मोटार धडधाकट, पण तिच्या इंजिनाचा जन्मदाताच नाहीसा झालेला, अशी विचित्र अवस्था जुन्या एलिस बाळगणाऱ्यांच्या वाट्याला आली.

या मालकांपैकी अनेकांनी गेल्या वीस वर्षांत एक धाडसी मार्ग पत्करला आहे. रोव्हरचे इंजिन उतरवायचे, त्या जागी होंडाचे 'के-२०' हे जपानी इंजिन बसवायचे आणि त्यासाठी मोटारीच्या विजेच्या तारांचे जाळे नव्याने विणायचे. ब्रिटनमध्ये हे काम करणारी खास गॅरेज आहेत आणि सुट्या भागांचे तयार संचही मिळतात. तरीही अर्धवट सोडलेल्या, महिनोन् महिने ताडपत्रीखाली पडून असलेल्या मोटारींची संख्या कमी नाही. इंजिन जागेवर बसते. पण ते चालते आणि चालत राहते ते तारांच्या जोरावर. बहुतेक प्रकल्प अडतात ते याच टप्प्यावर. हे काम नेमके कसे चालते, त्यात कोणते धोके असतात आणि आपल्याकडे त्याला कितपत वाव आहे, याची ही माहिती.

'ट्रॅक-डे' म्हणजे काय?

शर्यतीच्या मार्गावर ठरावीक शुल्क भरून स्वतःची मोटार चालवण्याचा दिवस म्हणजे 'ट्रॅक-डे'. ही शर्यत नसते. क्रमांक लावले जात नाहीत, बक्षिसे नसतात. पुढच्या चालकाने वाट दिल्यावर, ठरलेल्या बाजूनेच पुढे जायचे असा दंडक असतो. हेल्मेट बंधनकारक असते आणि सुरुवातीला सर्वांना नियमांची समज दिली जाते. ब्रिटनमध्ये ब्रँड्स हॅच, स्नेटरटन, सिल्व्हरस्टोन अशा ट्रॅकवर असे दिवस नियमित होतात. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगचा सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा जुना मार्ग तर पथकर भरून सर्वसामान्यांनाही वापरता येतो.

रस्त्यावर मोटार क्वचितच पूर्ण ताकदीने धावते. ट्रॅकवर मात्र वीस-वीस मिनिटे इंजिन वरच्या फेऱ्यांवर असते, ब्रेक लालबुंद होतात आणि प्रत्येक वळणावर तेल, पाणी व इंधन एका बाजूला फेकले जाते. रस्त्यावर वर्षानुवर्षे न दिसणारा दोष ट्रॅकवर पहिल्याच फेरीत उघडा पडतो. ट्रॅकसाठी बदललेल्या मोटारीत 'चालून जाईल' ही वृत्ती चालत नाही, ती यामुळेच.

हलकेपणाचे व्रत

लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा भर ताकदीपेक्षा हलकेपणावर होता. चॅपमन १९८२ मध्ये निवर्तले. मात्र १९९५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात सादर झालेली एलिस त्यांच्याच विचारांची वारसदार ठरली. त्या काळी लोटसची मालकी असलेले इटालियन उद्योजक रोमानो आर्तिओली यांच्या नातीच्या, एलिसाच्या नावावरून तिचे नाव ठेवण्यात आले. उत्पादन १९९६ मध्ये इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातील हेथल येथे सुरू झाले.

एलिसचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या इपॉक्सी गोंदाने चिकटवून तयार केलेला असून त्याचे वजन अवघे ६८ किलो आहे. त्यावर फायबर ग्लासचे बाह्यांग. संपूर्ण मोटारीचे वजन कंपनीने ७२५ किलोच्या आसपास सांगितले होते. आपल्याकडील मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोंची होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व ध्यानात येते. पहिल्या पिढीच्या एलिसला पॉवर स्टिअरिंग नव्हते, एबीएस नव्हते, एअरबॅगही नव्हत्या. आजच्या दृष्टीने ही उणीव वाटेल. पण तारांचे काम करणाऱ्याला हेच वरदान ठरते. जितकी उपकरणे कमी, तितक्या तारा कमी.

ही पहिली पिढी २००० पर्यंत चालली आणि सुमारे दहा हजार मोटारी तयार झाल्या. पुढच्या पिढ्यांसह एलिसचे उत्पादन २०२१ पर्यंत सुरू होते.

जुन्या इंजिनाचे दुखणे

रोव्हरचे के-सीरिज इंजिन १९८९ मध्ये बाजारात आले तेव्हा त्याची वाखाणणी झाली होती. संपूर्ण अॅल्युमिनियमचे, वजनाला हलके आणि इंधनाला काटकसरी असे ते इंजिन होते. त्याची रचनाही अनोखी होती. माथ्यापासून तळापर्यंतचे थर एकावर एक ठेवून दहा लांबलचक बोल्टांनी ते एकत्र आवळलेले असत. एलिसमध्ये त्याची १७९६ सीसीची, ११८ अश्वशक्तीची आवृत्ती वापरण्यात आली.

या इंजिनाचा कच्चा दुवा म्हणजे हेड गॅस्केट. इंजिनात शीतक द्रव मुळातच कमी मावत असे. त्यातच एलिसमध्ये रेडिएटर पुढे आणि इंजिन चालकाच्या पाठीमागे असल्याने पाण्याचा प्रवास लांबचा. थर्मोस्टॅट उघडला, की थंड पाण्याचा लोट तापलेल्या इंजिनात शिरे. या तापमानाच्या हिसक्यांनी थर एकमेकांवर किंचित सरकत आणि गॅस्केट फुटे. पुढे अनेक थरांचे पोलादी गॅस्केट आणि सुधारित थर्मोस्टॅट आल्यावर हा त्रास बराच आटोक्यात आला. नीट बांधलेले के-सीरिज इंजिन आजही उत्तम चालते, हे येथे नमूद केले पाहिजे. प्रश्न येतो तो ताकद वाढवताना. या इंजिनातून दोनशेच्या आसपास अश्वशक्ती काढायची, तर खर्च भरमसाट वाढतो आणि आयुष्य घटते.

खुद्द उत्पादकांनीही हाच निष्कर्ष काढला होता. 'एरियल अॅटम' ही बाह्यांगविरहित ब्रिटिश मोटार सुरुवातीला रोव्हरचे इंजिन वापरत असे. २००३ च्या सुमारास तिने होंडाचे के-२० स्वीकारले. लोटसने २००४ मध्ये एलिसमध्ये टोयोटाचे इंजिन आणले. केटरहॅमही पुढे फोर्डच्या इंजिनांकडे वळली.

होंडाच का?

इंजिन बदलायचे ठरले, की पर्याय अनेक असतात. ऑडीचे टर्बो इंजिन, फोर्डचे ड्युराटेक, टोयोटाचे २झेडझेड अशी नावे घेतली जातात. त्यांत होंडाच्या के-२० ने आघाडी घेतली, ती काही ठोस कारणांमुळे.

२००१ मध्ये 'सिव्हिक टाइप-आर'मधून युरोपात आलेले हे इंजिन १९९८ सीसीचे आहे. सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्लाही तेवढाच. युरोपीय आवृत्ती ७,४०० फेऱ्यांना २०० पीएस ताकद देते, तर जपानमधील 'इंटिग्रा टाइप-आर'ची आवृत्ती ८,००० फेऱ्यांना २२० पीएस. हे सारे टर्बोविना. 'आय-व्हीटेक' प्रणालीत कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे उंचवटे असतात. कमी फेऱ्यांना सौम्य उंचवटे झडपा उघडतात. साडेपाच-सहा हजार फेऱ्यांच्या पुढे तेलाच्या दाबाने पिना सरकून उंच उंचवटे कामाला लागतात. शहरात शहाणे आणि ट्रॅकवर आक्रमक, असा त्याचा दुहेरी स्वभाव यातून येतो. टायमिंग बेल्टऐवजी साखळी असल्याने ठरावीक काळाने पट्टा बदलण्याची कटकटही नाही.

एलिसचा मूळ पाच गतींचा रोव्हर गिअरबॉक्स होंडाच्याच आराखड्यावर बेतलेला होता, हा एक योगायोग. के-२० सोबत मात्र होंडाचा सहा गतींचा गिअरबॉक्स घेतला जातो. जपानी टाइप-आर आवृत्तीत मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल कारखान्यातूनच येत असल्याने त्या गिअरबॉक्सला मागणी अधिक.

के-मालिकेतील इंजिने भारतीयांनाही अपरिचित नाहीत. आपल्याकडे विकल्या गेलेल्या होंडा अॅकॉर्ड आणि सीआर-व्ही या मोटारींमध्ये याच कुटुंबातील इंजिने होती.

हिशेब सोपा आहे. मूळ एलिसला दर टनामागे साधारण १६३ अश्वशक्ती मिळत असे. होंडा इंजिनामुळे वजन ४० किलोंनी वाढले असे धरले, तरी युरोपीय आवृत्तीसह हा आकडा अडीचशेच्या पुढे जातो.

जेथे वेल्डिंग चालत नाही

काम सुरू होते ते मागील क्लॅमशेल, म्हणजे बाह्यांगाचा संपूर्ण मागचा भाग उतरवण्यापासून. त्यानंतर शीतक द्रव, तेल आणि इंधन काढून घेतले जाते, बॅटरी सोडवली जाते आणि चेनब्लॉकला लटकवून इंजिन-गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढले जातात. तारा सोडवण्यापूर्वी प्रत्येक कपलरवर चिठ्ठी लावणे आणि छायाचित्र घेणे ही सवय जाणकार मेकॅनिक कटाक्षाने पाळतात. चार महिन्यांनी तीच तार हातात आल्यावर स्मरणशक्ती दगा देते.

नव्या इंजिनासाठी माउंटिंग बनवताना पथ्य पाळावे लागते. एलिसच्या सांगाड्यावर वेल्डिंग करता येत नाही. उष्णतेने गोंद निकामी होतो आणि अॅल्युमिनियमची ताकदही घटते. नवी माउंटिंग मूळ बोल्टांच्या जागीच बसतील अशी बनवावी लागतात. शिवाय पोलाद आणि अॅल्युमिनियम थेट एकमेकांना टेकले आणि त्यात ओलावा शिरला, की अॅल्युमिनियम गंजते. दोहोंमध्ये रोधक थर द्यावाच लागतो.

चाकांकडे ताकद नेणारे ड्राइव्हशाफ्ट खास तयार करून घ्यावे लागतात. कारण आतले टोक होंडाचे आणि बाहेरचे लोटसचे. एक्झॉस्टही नव्याने बनतो. ब्रिटनमधील बहुतेक ट्रॅकवर आवाजाची मर्यादा असते. उभ्या मोटारीसाठी १०५ डेसिबल ही मर्यादा अनेक ठिकाणी आढळते आणि काही ट्रॅक त्याहूनही कडक आहेत. एवढे सारे करून आणलेली मोटार आवाजापायी फाटकातूनच परत पाठवली गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

तेल, पाणी आणि ब्रेक

वळणावर मोटारीला गुरुत्वाकर्षणाइतकाच आडवा जोर मिळाला, तर तळपात्रातील तेलाची पातळी ४५ अंशांनी कलते. चिकट टायर लावलेली एलिस हा जोर सहज गाठते. अशा वेळी तेलपंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा आली, तर आठ हजार फेऱ्यांवर फिरणारी बेअरिंग काही सेकंदांत जळतात. यासाठी तळपात्रात आडभिंती आणि झडपा बसवतात. लांब वळणांच्या ट्रॅकसाठी दाबाखालील तेलाची राखीव टाकीही जोडली जाते.

पाण्याच्या बाबतीत खरा शत्रू म्हणजे अडकलेली हवा. एलिसमध्ये पाण्याच्या नळ्या पुढून मागे दाराखालच्या पोकळीतून जातात. या लांब प्रवासात हवेचा बुडबुडा राहिला, तर तापमानमापक निवांत दिसत असतानाच इंजिन तापते. उंचावरच्या प्रत्येक जागी हवा सोडण्याची सोय ठेवणे म्हणूनच गरजेचे.

वाढलेल्या ताकदीचा भार अखेर ब्रेकवर येतो. सरळ मार्गाच्या शेवटी वेग ताशी १६० ऐवजी १८० किलोमीटर झाला, तर वेगातील वाढ साडेबारा टक्के. पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. नव्या इंजिनाबरोबर ब्रेकचे पॅड, द्रव आणि नळ्या बदलणे हा चैनीचा भाग मानता येणार नाही.

दोन जाळी, एक सांधा

आता मुख्य विषय. रोव्हर इंजिनाचा संगणक, त्याच्याशी जोडलेला चोरीरोधक संच आणि इंजिनाच्या तारा हे सारे एकमेकांत गुंतलेले असते. होंडाच्या इंजिनाची भाषा पूर्ण निराळी. क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा संवेदक, दोन्ही कॅमशाफ्टचे संवेदक, पाण्याचे व हवेचे तापमान, हवेचा दाब, थ्रॉटलची स्थिती, ठोक्यांचा संवेदक, एक्झॉस्टमधील प्राणवायूचा संवेदक, चार इंजेक्टर, चार कॉइल, व्हीटेकची झडप आणि कॅम पुढे-मागे करणारी झडप. या प्रत्येकाला दोन-तीन तारा लागतात.

येथे पहिला मोह होतो तो जुन्या तारांना नवे तुकडे जोडत जाण्याचा. वीस-पंचवीस वर्षांच्या तारांचे आवरण कडक झालेले असते, तांबे आतून काळवंडलेले असते आणि मध्ये कधीतरी कोणी बसवलेला अलार्म वा म्युझिक सिस्टिम यांचे अवशेष शिल्लक असतात. अशा जाळ्यात दहा जोड वाढले, की दोष शोधण्याच्या दहा नव्या जागा तयार होतात.

अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन जाळ्याचे दोन भाग करतात. दिवे, वायपर, हॉर्न यांचे बाह्यांगाचे जाळे वेगळे आणि इंजिनाचे वेगळे. दोन्ही एकाच ठिकाणी, बहुपिनी कपलरने जोडायची. इंजिन पुन्हा उतरवायची वेळ आली, तर तो एक कपलर सोडवला की काम भागते.

इंजिनाच्या संगणकासाठी दोन मार्ग आहेत. होंडाचा मूळ संगणक चावीतील चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू करत नाही. अमेरिकेतील होंडाटा कंपनीची 'के-प्रो' प्रणाली वापरून तो संगणक सुधारता येतो आणि हे कुलूप काढता येते. दुसरा मार्ग म्हणजे एमराल्डसारख्या कंपनीचा स्वतंत्र संगणक बसवणे. कुलूप काढले, तर चोरीपासून संरक्षणासाठी वेगळी व्यवस्था करणे ओघानेच आले. वेगमापक आणि फेरेमापक यांना मिळणारे संकेतही बदलतात. ते जुळवून घ्यावे लागतात.

तारेची जाडी आणि तारेचा स्वभाव

तारेची जाडी अंदाजाने ठरवणे ही सर्वांत सामान्य चूक. एक उदाहरण पाहू. इंधनपंप आठ अँपिअर वीज घेतो आणि बॅटरीपासून पंपापर्यंत जाऊन परत येण्याचा मार्ग आठ मीटरचा आहे, असे समजा. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत या अंतरावर सुमारे १.१ व्होल्ट वाया जातात. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर हे नुकसान ०.४४ व्होल्टवर येते. पंपाला व्होल्टेज कमी मिळाले, की इंधनाचा पुरवठा घटतो आणि तोही नेमका पूर्ण ताकदीच्या क्षणी. इंधन कमी, हवा जास्त आणि पिस्टनला भोक. एका बारीक तारेपायी हजारो पौंडांचे इंजिन जाऊ शकते.

फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो, असा समज आहे. प्रत्यक्षात तो तारेचे रक्षण करतो. तार जितकी वीज सुरक्षितपणे वाहू शकते, त्याहून फ्यूज मोठा असता कामा नये आणि तो विजेच्या उगमाजवळच हवा. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालणे म्हणजे आगीला आमंत्रण. फायबर ग्लासचे बाह्यांग आणि इंधनाची टाकी शेजारी असलेल्या मोटारीत हा धोका किती गंभीर, हे वेगळे सांगायला नको.

इंजिनाजवळची उष्णताही विचारात घ्यावी लागते. साध्या पीव्हीसी आवरणाच्या तारा तेथे कालांतराने वितळतात वा तडकतात. टेफझेल आवरणाच्या तारा १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतात. म्हणून विमानांत आणि शर्यतीच्या मोटारींत त्यांचा वापर होतो.

तारांची टोके डाख देऊन जोडावीत की लग दाबून बसवावेत, हा जुना वाद. मोटारीच्या बाबतीत उत्तर बहुतांशी निर्विवाद आहे. डाख देताना कथील तारेच्या बारीक तंतूंत वर चढते आणि तेथे तार कडक होते. सततच्या कंपनांनी ती नेमकी त्याच जागी तुटते. योग्य मापाच्या पकडीने दाबलेला लग आणि त्यामागे तारेला आधार, हीच खात्रीची पद्धत. साध्या पक्कडीने चेपलेला लग मात्र दोन्हींहून वाईट.

अर्थिंगचा घोळ

सर्वसाधारण मोटारीत विजेचा परतीचा मार्ग म्हणजे पोलादी बाह्यांग. कोठेही बोल्ट घट्ट केला, की अर्थिंग मिळते. एलिसमध्ये हे गृहीतक कोसळते. फायबर ग्लासमधून वीज वाहत नाही आणि अॅल्युमिनियमच्या सांगाड्यावरील अॅनोडायझिंगचा थरही वीजरोधक असतो. परतीच्या तारा स्वतंत्रपणे टाकून ठरावीक ठिकाणी एकत्र आणाव्या लागतात. संवेदकांची अर्थिंग आणि कॉइलसारख्या जास्त वीज खेचणाऱ्या भागांची अर्थिंग वेगळी ठेवतात. अन्यथा कॉइलच्या प्रत्येक ठिणगीबरोबर तापमानाचा आकडा थरथरू लागतो.

इंजिन आणि बॅटरी यांना जोडणारी जाड अर्थिंग पट्टी विसरणे ही तर वारंवार घडणारी गोष्ट. सेल्फ मारताना शंभरहून अधिक अँपिअर वीज लागते. तिला परतीचा रस्ता मिळाला नाही, तर ती थ्रॉटलच्या वा गिअरच्या केबलमधून वाट काढते. केबल तापून आतले आवरण वितळते आणि पुढे थ्रॉटल अडकतो. ट्रॅकवर अडकलेला थ्रॉटल म्हणजे काय, हे चालकाला विचारावे.

मुख्य स्विचबाबतही असेच. अपघातानंतर मार्शलने बाहेरून स्विच फिरवला, की बॅटरी तुटली पाहिजे आणि इंजिनही थांबले पाहिजे. साधा दोन टोकांचा स्विच लावला, तर बॅटरी तुटूनही अल्टरनेटरच्या विजेवर इंजिन चालूच राहते. शिवाय विजेच्या उसळीने संगणक जळू शकतो. म्हणून इंजिनाची वीजही तोडणारा आणि उसळी जिरवण्यासाठी रोध जोडलेला खास स्विच वापरतात. निळ्या त्रिकोणातील लाल ठिणगीचे चिन्ह त्याची जागा दाखवते. धडकेत इंधनपंप बंद करणारा स्विचही नव्या जाळ्यात ठेवायलाच हवा.

पहिली चावी

सारे जोडून झाल्यावर लगेच चावी फिरवण्याचा मोह आवरावा लागतो. आधी मल्टिमीटरने प्रत्येक तारेची सलगता तपासायची. मग बॅटरीच्या मार्गात लहान फ्यूज टाकून एकेक उपकरण चालू करून पाहायचे. कोठे तार चुकून टेकली असेल, तर तो फ्यूज उडतो, जाळे वाचते. त्यानंतर स्पार्क प्लग काढून, इंजेक्टरचे कपलर सोडवून, तेलाचा दाब येईपर्यंत इंजिन केवळ सेल्फवर फिरवायचे. प्रज्वलनाची वेळ संगणकातील आकड्याशी जुळते की नाही, हे टायमिंग लॅम्पने पाहायचे. इंधनाची गळती नाही याची खात्री करायची, अग्निशामक हाताशी ठेवायचा आणि मगच पहिली सुरुवात.

पुढची पायरी रोलिंग रोडची. तेथे रोलरवर मोटार चालवून प्रत्येक फेऱ्यांना किती इंधन द्यायचे, ठिणगी केव्हा द्यायची आणि व्हीटेक कधी बदलायचे, हे ठरवले जाते. त्यानंतरही पहिला ट्रॅक-डे सावधपणे घालवावा, असे जाणकार सांगतात. तीन-चार फेऱ्या, परत आत, बोल्ट, नळ्या आणि कपलर यांची तपासणी, पुन्हा बाहेर.

आणि एक काम मोटार चालू झाल्यावरही उरते. प्रत्येक तारेचा रंग, जाडी, सुरुवात, शेवट आणि फ्यूज यांची नोंद असलेला नकाशा. कारखान्यातून आलेल्या मोटारीला कार्यशाळा पुस्तिका असते. अशा बदललेल्या मोटारीची पुस्तिका जगात एकच असू शकते. ती काम करणाऱ्याने लिहिली तर. पावसात इंजिन बंद पडले किंवा मोटार दुसऱ्याच्या हाती गेली, तर हा कागदच उपयोगी पडतो. नकाशा नसलेली मोटार कितीही देखणी असली, तरी पुढचा इलेक्ट्रिशियन ती हाती घ्यायला कचरतो आणि पुन्हा पहिल्यापासून तारा ओढण्याची पाळी येते.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये इंजिन बदलल्यास वाहन नोंदणी खात्याला इंजिनाचा नवा क्रमांक आणि क्षमता कळवावी लागते. विमा कंपनीलाही बदल सांगावा लागतो. नेहमीच्या विम्यात ट्रॅकवरील नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी वेगळा विमा घेण्याची पद्धत आहे.

भारतात चित्र बरेच वेगळे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कडक अर्थ अधोरेखित केला. सीएनजीसारख्या इंधनबदलाला मुभा आहे; पण त्याचे संच पुण्यातील 'एआरएआय'सारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेले असावे लागतात. एका कंपनीच्या मोटारीत दुसऱ्या कंपनीचे दुप्पट ताकदीचे इंजिन बसवून ती रस्त्यावर आणणे या चौकटीत बसत नाही.

खासगी ट्रॅकवरच चालणाऱ्या, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या शर्यतीच्या मोटारींची गोष्ट निराळी. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातील २०११ मध्ये सुरू झालेला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही आपल्याकडची प्रमुख ठिकाणे. या क्षेत्रात हात घालू इच्छिणाऱ्या मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींनी लांबचा प्रवास आणि मोटार वाहून नेण्याचा खर्च यांचा हिशेब आधीच केलेला बरा.

एलिसच्या या दुसऱ्या जन्मातून घेण्याजोगा धडा इंजिनापुरता मर्यादित नाही. आपल्या रस्त्यांवरील जुन्या मोटारींतही बाजारातून आणलेले हॅलोजन दिवे, मोठे हॉर्न, कॅमेरे मूळ तारा कापून जोडले जातात आणि फ्यूज मात्र जुनाच राहतो किंवा त्याहून मोठा घातला जातो. ट्रॅकवरच्या मोटारीला लागू पडणारे नियम तेथेही लागू आहेत: भाराप्रमाणे तार, तारेप्रमाणे फ्यूज, पक्की अर्थिंग आणि लिहून ठेवलेली नोंद.

दृष्टिक्षेपात

* मोटार : लोटस एलिस, पहिली पिढी, उत्पादन १९९६ पासून, वजन सुमारे ७२५ किलो
* मूळ इंजिन : रोव्हर के-सीरिज, १७९६ सीसी, ११८ अश्वशक्ती, पाच गतींचा गिअरबॉक्स
* नवे इंजिन : होंडा के-२०, १९९८ सीसी, आवृत्तीनुसार २०० ते २२० पीएस, सहा गतींचा गिअरबॉक्स
* नव्याने करावे लागणारे भाग : माउंटिंग, ड्राइव्हशाफ्ट, एक्झॉस्ट, पाण्याच्या नळ्या, तळपात्रातील आडभिंती, इंजिनाचे संपूर्ण वायरिंग
* टाळावे : सांगाड्यावर वेल्डिंग, जुन्या तारांना तुकडे, अंदाजाने फ्यूज, बाह्यांगावर अर्थिंग
* विसरू नये : बॅटरी व इंजिन दोन्ही तोडणारा मुख्य स्विच, अग्निशामक, वायरिंगचा लेखी नकाशा